फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेला हवा संपीडक

फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेला हवा संपीडक हे घरगुती कार्यशाळेत दाबाखालील हवा पुरवणारे, कमी आवाजाचे यंत्र होय. भंगारात निघालेल्या फ्रिजमधील चालू स्थितीतला बंदिस्त कॉम्प्रेसर, हवा साठवण्याची पोलादी टाकी आणि दाब नियंत्रित करणारी काही साधने एकत्र जोडून ते तयार केले जाते. एअरब्रशने केले जाणारे रंगकाम, लहान प्रतिकृतींची निर्मिती, बारीक भागांवरील धूळ उडवणे, दुचाकीच्या चाकांत हवा भरणे अशा थोडी हवा लागणाऱ्या कामांसाठी त्याचा उपयोग होतो.

फ्रिजमधील कॉम्प्रेसर मुळात बंद चक्रात चालण्यासाठी बनवलेला असतो. त्यातील वायू व तेल बाहेर जात नाहीत आणि बाहेरची हवा, ओलावा किंवा धूळ आत येत नाही. हवा संपीडक म्हणून वापरताना तोच कॉम्प्रेसर खुल्या चक्रात चालू लागतो. तेलाची घट, अतिरिक्त उष्णता, टाकीत साठणारे पाणी आणि दाबाविरुद्ध सुरू न होणे या त्याच्या चारही प्रमुख अडचणी या एकाच बदलातून निर्माण होतात. यांशिवाय दाबाखालील टाकी फुटण्याचा धोका असतो. तो या यंत्रातील सर्वांत गंभीर धोका मानला जातो.

पार्श्वभूमी

हवा दाबून वापरण्याची कल्पना जुनी आहे. लोहाराचा भाता हे तिचे सर्वपरिचित रूप होय. दट्ट्या आणि झडपा असलेला हवेचा पंप जर्मन शास्त्रज्ञ ओटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास तयार केला. तो हवा काढून घेण्यासाठी होता, परंतु दट्ट्याच्या संपीडकाचे तत्त्व तेच आहे.

घरगुती फ्रिजच्या सुरुवातीच्या काळात मोटर आणि संपीडक वेगवेगळे असून पट्ट्याने जोडलेले असत. त्यामुळे आवाज होई व फिरत्या दांड्याभोवतीच्या सांध्यातून वायू गळत असे. मोटर आणि संपीडक एकाच सीलबंद कवचात बसवण्याच्या पद्धतीने हे दोन्ही दोष दूर झाले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ साली बाजारात आणलेल्या ‘मॉनिटर टॉप’ या फ्रिजमुळे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. भारतात गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रिजचे उत्पादन सुरू केले.

फ्रिज भंगारात जाण्याचे कारण पुष्कळदा कॉम्प्रेसर हे नसते. नळीतून वायू गळणे, पत्रा गंजणे, दरवाजाचे रबर निकामी होणे किंवा नवा फ्रिज घेणे अशा कारणांनी तो मोडीत निघतो आणि आतला कॉम्प्रेसर मात्र चालण्याजोगा असतो. टाकाऊ यंत्रातील हा टिकाऊ भाग पुन्हा वापरण्याच्या हेतूने हौशी कारागीर, प्रतिकृतीकार आणि चित्रकार यांच्यात असे संपीडक बनवण्याची पद्धत अनेक देशांत रुजली.

बंदिस्त कॉम्प्रेसरची रचना

फ्रिजच्या मागे तळाशी दिसणारा काळा, गोलसर ‘डबा’ म्हणजे बंदिस्त कॉम्प्रेसर. त्याचे कवच दोन पोलादी वाट्या जोडून वितळजोडाने बंद केलेले असते. आत एक-फेजी विद्युत मोटर आणि तिच्याच दांड्यावर चालणारा लहान दट्ट्या असतो. तळाशी वंगणाचे तेल असते. दांडा फिरताना ते वर उचलले जाऊन सर्व भागांना मिळते.

कवचातून साधारणपणे तीन तांब्याच्या किंवा पोलादी नळ्या बाहेर येतात: वायू आत घेणारी शोषण नळी, दाबलेला वायू बाहेर सोडणारी निर्गम नळी आणि कारखान्यात वायू भरून कायमची बंद केलेली भरण नळी. निर्गम नळी बहुधा सर्वांत बारीक असते. दट्ट्याच्या बहुतेक घरगुती कॉम्प्रेसरमध्ये शोषण नळी आणि भरण नळी या दोन्ही कवचाच्या पोकळीतच उघडतात. त्यामुळे संपूर्ण कवच शोषणाच्या कमी दाबावर राहते आणि दाबलेला वायू केवळ आतल्या एका वेटोळ्या नळीतून निर्गम नळीकडे जातो. वातानुकूलन यंत्रांतील चक्रगती कॉम्प्रेसरमध्ये हे उलट असते. तेथे संपूर्ण कवचच उच्च दाबाखाली असते. म्हणून या दोन प्रकारांना एकच नियम लावता येत नाही.

आवाज कमी असण्याची कारणे

मोटर आणि दट्ट्या कवचाच्या आत स्प्रिंगांवर टांगलेले किंवा टेकवलेले असतात; त्यामुळे कंपने कवचापर्यंत फारशी पोहोचत नाहीत. निर्गम मार्गावर आतच लहान शांतक बसवलेला असतो. मोटरला कार्बनचे ब्रश नसतात आणि सर्व फिरते भाग तेलात भिजलेले असतात. त्यावर जाड पोलादी कवचाचे आवरण असते.

या रचनेमुळे फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा आवाज साधारणतः ४० डेसिबलच्या आसपास राहतो. बाजारातील तेलविरहित, थेट मोटरवर चालणारे अनेक छोटे संपीडक जवळून ८० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज करतात. डेसिबल हे लघुगणकी एकक आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ४० आणि ८० डेसिबल यांतील फरक दुपटीचा नसून तीव्रतेच्या भाषेत दहा हजार पटींचा आहे. भारतातील ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चाळीत किंवा सदनिकेत रात्री काम करणाऱ्याच्या दृष्टीने शांत संपीडकाचे महत्त्व यावरून लक्षात येते.

हवा संपीडक म्हणून वापरताना शोषण नळी उघडी पडते आणि तिच्यातून फटफट असा नवा आवाज येऊ लागतो. शोषणाच्या तोंडाशी गाळक बसवल्यास धूळ अडते आणि हा आवाजही दबतो. या कामासाठी मोटारसायकलचा पेट्रोल फिल्टर अनेकदा वापरला जातो. कॉम्प्रेसर टाकीवर थेट न ठेवता रबरी पायांवर ठेवल्यास आणि टाकीला लवचीक नळीने जोडल्यास टाकी घुमत नाही.

क्षमता

घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर एका फेऱ्यात काही घनसेंटिमीटर एवढीच हवा ओढतो. भारतातील ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यावर मोटर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते. एका फेऱ्यात ५ घनसेंटिमीटर हवा ओढली जाते असे धरल्यास मिनिटाला सैद्धांतिक कमाल १४.५ लिटर हवा मिळते. झडपांतील गळती आणि दट्ट्याच्या टोकाशी उरणारी हवा यांमुळे प्रत्यक्ष पुरवठा याहून कमी असतो आणि टाकीतील दाब वाढत जातो तसा तो आणखी घटतो.

सरासरी १० लिटर प्रतिमिनिट पुरवठा धरल्यास १० लिटरची टाकी ६ बार दाबापर्यंत भरण्यास वातावरणीय दाबाची ६० लिटर हवा, म्हणजे सुमारे ६ मिनिटे लागतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड प्रति चौरस इंच. पंक्चरच्या दुकानात ज्याला नुसते ‘पौंड’ म्हणतात ते हेच एकक. ६ बार म्हणजे सुमारे ८७ पौंड. मोठा दाब गाठणे या यंत्राला अवघड जात नाही. त्याची खरी मर्यादा हवेच्या प्रमाणाची आहे.

बंद चक्रातून खुल्या चक्रात

तेलाची घट: फ्रिजमध्ये वायूबरोबर बाहेर पडलेले थोडे तेल नळ्यांतून फिरून कॉम्प्रेसरमध्ये परत येते. खुल्या चक्रात ते परत येत नाही. हवेबरोबर टाकीत जाऊन साठते. तेलाची पातळी हळूहळू खालावते आणि लक्ष न दिल्यास दट्ट्या जाम होतो. जुने तेल बाहेर काढताना मोजून ठेवणे आणि तेवढेच नवे तेल भरणे ही प्रचलित पद्धत आहे. आर-१३४ए वायूच्या कॉम्प्रेसरमधील संश्लेषित एस्टर तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून ते बदलून हवा संपीडकासाठीचे तेल वापरले जाते.

उष्णता: फ्रिजमध्ये परत येणारा थंड वायू मोटरवरून जातो आणि तिला थंड ठेवतो. हवा संपीडकात मात्र खोलीच्या तापमानाची हवा आत येते. शिवाय हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सियसची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता ६ बारपर्यंत दाबल्यास तिचे तापमान सिद्धांततः सुमारे २५० अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात ते याहून कमी राहते, तरी निर्गम झडपेवर तेल करपून काजळी धरू शकते. म्हणून असा संपीडक काही मिनिटे चालवून थांबवला जातो; टाकीचा हेतू तोच असतो. निर्गम नळीला तांब्याच्या नळीचे वेटोळे जोडल्यास हवा टाकीत शिरण्यापूर्वी निवते. कवचावर लहान पंख्याचा झोत सोडण्याची पद्धतही आढळते.

पाणी: ३० अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते. कोकणातील पावसाळ्याप्रमाणे सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असल्यास त्या हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ६ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आली की तिचे आकारमान सातव्या हिश्श्याएवढे होते आणि तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम बाष्प मावते. उरलेल्या सुमारे २० ग्रॅम बाष्पाचे टाकीत पाणी होते. हे पाणी रंगकामात थेंबांच्या रूपाने उमटते आणि टाकीला आतून गंजवते.

दाबाविरुद्ध सुरू होणे: फ्रिज बंद झाला की केशनळीतून वायू वाहत राहतो आणि दोन्ही बाजूंचा दाब काही मिनिटांत समान होतो. त्यामुळे मोटरला पुढच्या वेळी हलक्या भाराने सुरू होता येते. तिचे आरंभीचे पीळबल त्या बेतानेच ठरवलेले असते. टाकीतील हवेला मात्र परतीची वाट नसते. निर्गम नळीत दाब तसाच राहिल्यास मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि काही सेकंदांत ओव्हरलोड यंत्रणा ‘टक्’ असा आवाज करून वीज तोडते. यावरील उपाय असा की टाकीच्या तोंडाशी हवा केवळ आत जाऊ देणारी एकदिशा झडप बसवतात आणि कॉम्प्रेसर थांबताच कॉम्प्रेसर व झडप यांमधील नळीतली हवा बाहेर सोडतात. अनेक प्रेशर स्विचांमध्ये ही हवा सोडणारी छोटी झडप अंगचीच असते. संपीडक थांबताना येणारा ‘फुस्स’ असा आवाज तिचाच असतो.

प्रशीतक वायू काढणे

फ्रिजमधील प्रशीतक वायू कॉम्प्रेसर काढण्यापूर्वी योग्य साधनाने गोळा करावा लागतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे आहे. जुन्या फ्रिजमधील आर-१२ हा वायू ओझोन थराचा नाश करणारा असून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोन थराला अपाय करत नाही, मात्र त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू आहे. तो असलेल्या नळ्या ज्योतीने कापल्यास आग लागू शकते. म्हणून वायू काढल्यानंतरही नळ्या नळीकापणीच्या हत्याराने कापल्या जातात. उरलेला ज्वालाग्राही वायू, तेलाची वाफ आणि दाबून तापलेली हवा हे मिश्रण कॉम्प्रेसरच्या आतही पेट घेऊ शकते. यासाठी अशा कॉम्प्रेसरमधील वायू व जुने तेल पूर्णपणे काढून टाकणे अत्यावश्यक ठरते.

विद्युत जोडणी

दट्ट्याच्या पारंपरिक कॉम्प्रेसरवर तीन पिना असतात: सामाईक, आरंभ आणि चालू. आरंभ व चालू या पिनांमधील विद्युत रोध सर्वांत जास्त आणि इतर दोन रोधांच्या बेरजेइतका असतो. सामाईक व चालू यांमधील रोध सर्वांत कमी असतो. या नियमावरून पिना ओळखता येतात. कोणतीही पिन आणि कवच यांच्यात विद्युत संपर्क आढळल्यास मोटरचे विद्युतरोधन खराब झालेले असते आणि असा कॉम्प्रेसर वापरण्यास अयोग्य ठरतो.

मोटर सुरू करण्यासाठी रिले आणि जास्त तापल्यास वीज तोडण्यासाठी ओव्हरलोड हे दोन भाग मूळ फ्रिजमधूनच घेतले जातात. वेटोळ्याचा जुना रिले गुरुत्वाकर्षणावर काम करतो. तो फ्रिजमध्ये होता तसाच उभा बसवावा लागतो. नव्या प्रकारच्या पीटीसी रिलेला प्रत्येक वेळी थंड होण्यास काही मिनिटे लागतात, त्यामुळे संपीडक लगेच पुन्हा सुरू होत नाही. टाकी पुरेशी मोठी ठेवण्याचे आणि प्रेशर स्विचच्या सुरू व बंद होण्याच्या दाबांत अंतर ठेवण्याचे हेही एक कारण आहे. कवचाला आणि टाकीला अर्थिंग जोडणे आवश्यक असते.

इन्व्हर्टर फ्रिजमधील कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमधील रोध सारखा असतो. तो इलेक्ट्रॉनिक मंडलावरच चालतो; घरगुती विजेवर थेट जोडल्यास जळतो.

हवेचा मार्ग

पूर्ण यंत्रात हवा पुढील क्रमाने प्रवास करते:

१. शोषणाचा गाळक
२. कॉम्प्रेसर
३. तांब्याच्या नळीचे वेटोळे
४. एकदिशा झडप
५. टाकी, तिच्यावर सुरक्षा झडप, प्रेशर स्विच व दाबमापक, तळाशी पाणी काढण्याचा नळ
६. तेल-पाणी वेगळे करणारा गाळक
७. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर
८. लवचीक नळी आणि हत्यार

सुरक्षा झडप आणि टाकी यांच्यामध्ये कोणतीही दुसरी झडप असता कामा नये. ती चुकून बंद राहिल्यास सुरक्षा झडपेचा उपयोग उरत नाही. पाण्याच्या नळजोडणीसाठी मिळणारे पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरणे धोकादायक असते, कारण दाबाखाली ते फुटताना त्यांचे टोकदार तुकडे उडतात.

टाकीची सुरक्षितता

दाबाखालील हवा हा ऊर्जेचा साठा असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या प्रत्येक टोकावर ६ बार दाबाला सुमारे १,९०० किलोग्रॅम वजनाइतके बल कार्य करते. १० लिटरच्या टाकीत या दाबाला साधारण ७ किलोजूल ऊर्जा साठते. ७० किलोग्रॅमची वस्तू १० मीटरवरून, म्हणजे सुमारे तीन मजल्यांवरून पडल्यास मिळणारी ऊर्जा एवढीच असते. टाकी फुटल्यास ही सर्व ऊर्जा एका क्षणात मुक्त होते.

त्यामुळे कॉम्प्रेसर जुना चालतो, पण टाकीच्या बाबतीत ‘जुने ते सोने’ हा न्याय लागू पडत नाही. ट्रकच्या हवेच्या ब्रेकची टाकी तुलनेने योग्य समजली जाते, कारण ती मुळात दाबाखालील हवेसाठीच बनवलेली असते आणि तिला पाणी काढण्याची सोय असते; मात्र तिचीही आतून तपासणी आवश्यक असते. प्रशीतक वायूचे एकदा वापरून टाकून देण्याचे डबे पातळ पत्र्याचे असतात आणि ओल्या हवेने आतून गंजतात. घरगुती स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसून तेल कंपनीच्या मालकीचा असतो. शिवाय त्यात उरलेल्या वायूचा स्फोट होऊ शकतो. भारतात वायू सिलिंडरांच्या सुरक्षिततेचे नियमन पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

टाकीला घरी वितळजोड देणे किंवा भोक पाडणे टाळले जाते, कारण त्यामुळे मूळ पत्र्याचे बल कमी होते. टाकीची चाचणी हवेने न करता पाण्याने केली जाते. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा राहू न देता, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिला जातो. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. टाकी कमकुवत असल्यास ती फुटून उडण्याऐवजी गळते किंवा फुगते.

देखभाल

प्रत्येक वापरानंतर तळाचा नळ उघडून पाणी व तेल काढून टाकणे ही देखभालीतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. बाहेर आलेले पाणी तांबूस असल्यास टाकी आतून गंजत असल्याचे ते लक्षण असते. गाळक साफ करणे, तेलाची पातळी पाहणे, सुरक्षा झडप हाताने उघडून ती अडकलेली नाही याची खात्री करणे आणि टाकीची चाचणी ठरावीक काळाने पुन्हा घेणे हीही नियमित कामे होत. टाकी भरण्यास पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधली जाते. गळती नसल्यास कॉम्प्रेसरच्या झडपा झिजल्याचे अनुमान निघते.

उपयोग आणि मर्यादा

एअरब्रशला १ ते २ बार दाबाची थोडी पण संथ हवा लागते; टाकी आणि रेग्युलेटर यांमुळे दट्ट्याच्या ठोक्यांची लय हवेत उरत नाही आणि रंग एकसारखा बसतो. प्रतिकृतींचे रंगकाम, मूर्तींवरील छटा, कापडावरील चित्रे, घड्याळे व शिवणयंत्रांची सफाई ही कामे या यंत्राच्या आवाक्यात येतात. मोटारीला रंग देणारी मोठी स्प्रे गन किंवा हवेवर चालणारे नटबोल्ट सोडवण्याचे हत्यार यांना मिनिटाला शंभर लिटरहून अधिक हवा लागू शकते. त्या कामांसाठी हे यंत्र उपयोगी नाही.

या यंत्रातील हवेत तेलाचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे ती श्वसनासाठी, रुग्णाच्या उपचारासाठी किंवा खाद्यपदार्थांवर वापरण्यास अयोग्य असते. हवेचा झोत अंगावर किंवा चेहऱ्यावर सोडल्यास गंभीर इजा होऊ शकते.

नवे भाग विकत घ्यावे लागतात ते मुख्यतः प्रेशर स्विच, सुरक्षा झडप, एकदिशा झडप आणि दाबमापक. फ्रिजमधून मिळणाऱ्या कॉम्प्रेसरमुळे खर्चात बचत होते, परंतु सुरक्षेच्या या भागांवर आणि टाकीच्या चाचणीवर काटकसर केल्यास ती बचत धोक्याची ठरते.

हे सुद्धा पहा

हवा संपीडक
फ्रिज
प्रशीतक
माँट्रियल करार
एअरब्रश
डेसिबल